मामांच्या आत्याची फिल्लम

माझ्या बायकोच्या मामांइतका धास्तावलेला माणूस पोलादपूरपासून महाडपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि त्यांची धास्ती वाढवण्यात माझा हात कुणी धरायचा नाही. त्यांची आत्या मूकपटांची नायिका होती. कुडपणची पोर मुंबईला भावाकडे गेली, घोड्यावर बसली, तलवार चालवली, पडद्यावर दोनदा सतीही गेली. मग चित्रपट बोलू लागले आणि महाराणीच्या तोंडचं "आमी नाय येनार" ऐकून फिल्म कंपनीच्या मालकाने तिला घरी धाडलं. ती परतली एक पत्र्याचा डबा घेऊन; आत आपली फिल्लम आहे, असं सांगायची. गावाने तिची एकही गोष्ट खरी मानली नाही. मरताना तिने डबा मामांच्या हवाली केला.

जुनी फिल्म आपोआप पेट घेते, ही विद्वत्ता मामांना ऐकवणारा शहाणा मीच. त्या दिवसापासून मामींची चूल अंगणात गेली, पाहुण्यांच्या विड्या गल्लीच्या तोंडाशी विझू लागल्या आणि गणपतीची आरती न पेटवलेल्या निरांजनाने होऊ लागली. नदीचं पाणी चढलं की डबा माळ्यावर जाई. माळ्यावरचे पत्रे तापतील म्हणून पुन्हा खाली येई. उघडून का बघत नाही, असं मी विचारलं तर मामा खालच्या आवाजात म्हणाले, "रिकामा निघाला तर, जावयबापू? गाव तिला लबाड म्हनतं. मग मी पन म्हनू?"

पण डब्याला उग्र वास येऊ लागला, तेव्हा मामांना महाडच्या एका जुन्या फोटोग्राफरकडे जाणं भाग पडलं. माझ्या गाडीत ते ओल्या गोणपाटात गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन बसले आणि प्रत्येक खड्ड्याला भैरोबाची माफी मागत राहिले. झाकण काढायचा मान मी आपणहून घेतला आणि बोट कापून घेतलं. आत गुळासारखा चिकट गठ्ठा होता. मामांनी डोळे मिटून घेतले. फोटोग्राफरने हलक्या हाताने वरचा वीतभर तुकडा सोडवला आणि खिडकीच्या उजेडात धरून मामांना भिंग दिलं.

घोड्यावर एक तरुण बाई होती. तोंड उघडं, काहीतरी ठणकावून सांगणारं. मामा बघतच राहिले. तीच का, म्हणून विचारलं तर त्यांनी होकाराची मान हलवली.

"काय बोलते आहे, मामा?" मी विचारलं.

"आमच्यावानीच बोलत असशील गो बाय," मामा माझ्याशी नाही, तिच्याशीच बोलले. "कुनाला ऐकू नाय आलं, तवर रानी होतीस."