ताईचा टीव्ही कोणी बंद करायचा?

माझी बहीण गेली त्या दिवशी घरात टीव्ही चालू होता, आणि तो बंद करायची कोणाची हिंमत होत नव्हती.

आज वर्ष झालं.

लिहीन लिहीन म्हणत होतो. पण हल्ली लवकर थकायला होतं, खरंच सांगतो.

सुनंदाताई. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली, अकोल्याला जठारपेठेत राहणारी. मी तिचा धाकटा भाऊ. अमरावतीत माझं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान आहे, म्हणजे आता दुकान कमी आणि अडगळ जास्त.

रिटायर झालेली माणसं नातवंडं सांभाळतात, झाडांना पाणी घालतात. हिने एक दिवस फोन केला.

"बंड्या, तुह्या दुकानात ते जुने टीव्ही गेम पडले हायेत ना?"

"हायेत. भंगारात टाकून राहिलो."

"टाकू नोको. मले कॉम्प्युटर बनवून दे त्याचे."

मी हसलो. तिने तो होकार धरला.

तुमच्यापैकी अर्ध्या लोकांच्या माळ्यावर तो गेम अजून असेल. टीव्हीला जोडायचा, पिवळी कॅसेट खोचायची, दोन जॉयस्टिकवरून भावंडांनी मारामाऱ्या करायच्या. काही सेटना कीबोर्डही असायचा, जो जन्मात कोणी वापरला नाही.

ताईला तोच हवा होता.

कॅसेटमधली गेमची चिप काढायची, त्या जागी बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या सोप्या भाषेची बसवायची. की टीव्हीवर प्रोग्राम लिहिता येतो. ज्या सेटला कीबोर्ड नाही, त्याला मेलेल्या सेटचा जोडायचा.

सांगायला सोपं. सोल्डरिंग माझं, पाठ माझी, आणि एसटीतून अकोल्यापर्यंत पिशव्या वाहणारे हातही माझेच.

"मोबाईलच्या जमान्यात हे कोन शिकते?" मी दर वेळी तिच्या दारात पिशव्या आपटायचो.

"ये. बैस. पानी पे आदी. मंग चिडजो."

"ये, बैस, पानी पे" हे ती सगळ्यांनाच म्हणायची. भाजीवालीला, गॅसवाल्याला, वर्गातल्या प्रत्येक पोरीला. 'मंग चिडजो' तेवढं माझ्यासाठी राखीव होतं.

आणि तिच्या घरी शिकायला खरंच यायच्या हो पोरी. गल्लीतल्या, आजूबाजूच्या. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायच्या, त्यांच्या आईबापांनी मारली तशीच. अगं, थुंकीने पिना गंजतात, खोडरबराने पुसा, हे सांगून माझा घसा बसला.

त्या सेटमध्ये काही सेव्ह होत नाही. बंद केला की लिहिलेलं गेलं.

मी म्हटलं, "आत सेल बसवून देतो. राहीन सगळं."

"नोको. पाटी हाय ते. पुसली का दुसऱ्याची बारी."

पण पुसायचाही तिचा नियम होता. ज्याने लिहिलं, त्यानेच आपल्या हाताने सेट बंद करायचा. दुसऱ्याचा प्रोग्राम चालू असेल तर बटणाला हात लावायचा नाही. लाईट गेली तरी कोणाचं पुसलं जाऊ नये म्हणून तिने इन्व्हर्टर घेतला होता. स्वतःच्या पंख्यासाठी कधी घेतला नाही.

त्या सकाळी ती नव्या बॅचसाठी काहीतरी लिहीत बसली होती. छातीत दुखायला लागलं. तिची मुलगी प्रज्ञा तिला दवाखान्यात घेऊन गेली. टीव्ही तसाच राहिला.

दुपारी ताईला घरी आणलं. चादरीत.

मी पोचलो तेव्हा पुढची खोली माणसांनी भरली होती. कोपऱ्यात टीव्ही, त्याला जोडलेला सेट, आणि दोन्हींच्या प्लगला पाठ लावून तिच्या वर्गातल्या दोन पोरी बसलेल्या.

कोणीतरी म्हणालं, अशा वेळी टीव्ही कशाला, बंद करा.

पोरी हलेनात.

"बाईंचा प्रोग्राम हाय," त्यातली मोठी रडत म्हणाली. "बाईच बंद करतीन."



त्रिशरण, पंचशील झालं. ताईला नेलं.

परत आलो तर लाईट गेलेली, इन्व्हर्टर टीं टीं करत होता. पोरी तिथेच.

प्रज्ञा हळूच म्हणाली, "मामा, बॅटरी संपली का आईचं लिहिलेलं जाईन. जाऊ देऊ का आपोआप?"

मला राग आला. कोणावर, ते माहीत नाही. पण तिच्या नियमात 'आपोआप' नव्हतं.

मी टीव्हीसमोर जाऊन बसलो. इतके सेट बनवले, पण असा बसलो नव्हतो कधी. सेट चालला की माझं काम संपलं, असाच माझा खाक्या.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एवढंच होतं.

"तुहं नाव?"

आणि पुढे कर्सर लुकलुकत होता.

एकेक बटण शोधून मी लिहिलं, बंडू. एंटर दाबलं.

"बंडू, ये. बैस. पानी पे आदी."

हे नव्या बॅचसाठी होतं. नवीन येणाऱ्या प्रत्येक पोरीचं स्वागत मशीनने करावं म्हणून. 'मंग चिडजो' नव्हतं त्यात.

मी रडलो. सगळ्यांसमोर रडलो.

प्रज्ञाने पाणी आणून दिलं. ते प्यालो. मग मोठ्या पोरीला जवळ बोलावलं.

"बेटा, नियम काय हाय तुमचा?"

"ज्यानं लिवलं त्यानंच बंद कराचं."

"मंग हे पाय. शेवटी कोनी लिवलं?"

तिने पडद्यावरचं माझं नाव वाचलं. मग धाकटीचा हात धरून प्लगपासून बाजूला सरकली.

मी सेट बंद केला. माझ्या हाताने.

आता प्रज्ञा रविवारी वर्ग घेते. मी अजून पिशव्या नेतो. गुडघे बोंबलतात, पण नेतो. ताईचा प्रोग्राम पोरींनी पुन्हा लिहून काढलाय. दर रविवारी नव्याने टाईप करतात, संपला की पुसतात.

ताई, आज पण जाऊन आलो तुझ्या घरी. बसलो. पाणी प्यालो.

आता चिडू कोणावर?

जय भीम, ताई.