सारवलेल्या खळ्याचा पंचनामा

नम्रताच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘हवामान न्याय समन्वयक’ असं छापलेलं आहे. तिच्या गावात, खारवण्यात, तिला ‘हवामानवाली बाय’ म्हणतात आणि उद्या पाऊस आहे का ते विचारतात. सुरुवातीला ती समजावत बसायची, की ते काम वेधशाळेचं. आता मोबाइलवर बघून सांगून टाकते.

मी रत्नागिरीतल्या एका साप्ताहिकात वीस वर्षं लिहितो आहे आणि कार्यकर्ते म्हटलं की मला आधीच जांभई येते. खांद्याला झोळी, तोंडात भाषण आणि वर ‘बातमी कधी लावताय?’ असा तगादा. नम्रतानं मला एकदाही फोन केला नाही. म्हणून मीच तिच्या मागे लागलो.

खारवणं रत्नागिरीहून एसटीनं तासाभरावर. नम्रताचे वडील सोनू दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते, आता घरीच असतात. आई जनी मासळी सुकवायची. किनाऱ्यावरच्या वाळूच्या पुळणीच्या वरच्या अंगाला, घरं आणि पाणी यांच्यामध्ये, बायकांनी शेणानं सारवून राखलेलं एक सामायिक खळं होतं. त्यावर पस्तीस जणी जवळा आणि बांगडा वाळत घालत. कुणाची जागा कुठली हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण वीतभरही इकडेतिकडे व्हायचं नाही. झालंच तर भांडण असं पेटायचं, की होडीवरच्या माणसांना ऐकू जावं. नम्रता त्या खळ्यावर कावळे हाकलत मोठी झाली, बी.एस्सी. झाली आणि शाळेतली नोकरी मिळत असताना एका लहानशा संस्थेत लागली. सोनू महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

तिला जे दिसलं ते साधंच होतं. पूर्वी दिवाळीनंतर आभाळ कोरडं असायचं. आता डिसेंबरातही पाऊस येतो आणि उधाणाचं पाणी खळ्यापर्यंत चढतं. वादळ झालं की होडीवाल्याला भरपाई मिळते, कारण होडीला नंबर असतो. कौलं उडालेल्या घराला मिळते, कारण घरपट्टीची पावती असते. वाळत घातलेल्या जवळ्याला नंबरही नाही आणि पावतीही नाही. ज्यांनी कारखान्याचं एक धुराडंही कधी उभारलं नाही त्या बायकांचं सगळ्यात आधी भिजतं, आणि ते भिजलं असं कुणी लिहूनसुद्धा घेत नाही. दहा वर्षं ती एवढ्याच एका गोष्टीसाठी झिजली: हे नुकसान एकदा तरी सरकारी कागदावर यावं. म्हणजे खळं हे या बायकांच्या पोटाचं साधन आहे हे मान्य होईल आणि उद्या ते कुणाला हिसकावता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी ती वेळ आली. डिसेंबरात एका सोमवारी रात्रभर पाऊस पडला, वरून उधाण. सगळ्या खळ्यावरची मासळी भिजली आणि दोन दिवसांत कुजली. नम्रता तेव्हा रत्नागिरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. शेवटी तहसीलदार साहेब पंचनाम्याला तयार झाले. बुधवारी संध्याकाळी तिनं आईला फोन केला, “आये, उद्या तलाठी पंचनाम्याला येतायत. सगळ्यांना नीट हजर राहायला सांग.”

गुरुवारी अकरा वाजता ती तलाठी गुरुप्रसाद यांना घेऊन गावात पोचली. खळं झाडून, धुऊन, ताज्या शेणानं सारवलेलं होतं. कोपऱ्यात रांगोळी होती. पस्तीस जणी धुवट लुगडी नेसून, डोक्यात अबोली माळून रांगेत उभ्या होत्या. कुजलेल्या मासळीचं बोटभर काही शिल्लक नव्हतं. ती पहाटेच एका टेंपोवाल्याला आंब्याच्या कलमांच्या खतासाठी फुकट देऊन टाकली होती.

“आये, हे काय केलंस?” नम्रता म्हणाली.

“मार्गशीर्षातला गुरुवार हाय गो,” जनी म्हणाली. “आज लक्ष्मी बसवायची. त्यात तूच सांगितलंस, साहेब येनार, नीट ऱ्हावा. साहेबांच्या नाकाम्होरं ती घान ठेवनार व्हतो काय आमी?”

आता यात कुणाला शहाणपण शिकवायचं? पाहुणा येणार म्हणून अंगण सारवणं ही चूक आहे, हे त्यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. फोटोही कुणी काढले नव्हते. सडलेल्या मासळीचे फोटो कोण काढतं?

गुरुप्रसाद माणूस वाईट नव्हता. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि म्हणाले, “ताई, मला दिसतं तेच लिहावं लागतं.” त्यांनी लिहिलं: गावाच्या पश्चिमेस मोकळी जागा, स्वच्छ, नुकसान आढळून आले नाही. खाली पंचांच्या सह्या हव्या होत्या. बायका मागे सरल्या. निदान साहेब येऊन गेल्याची नोंद तरी राहील, या विचारानं नम्रतानं पंच म्हणून सही केली. “तेव्हा मला काही वाटलंच नाही,” ती मला म्हणाली. “हात सही करत होता, मी बघत होते.”

पुढच्या वर्षी गावाला समुद्रापासून वाचवण्यासाठी बंधारा मंजूर झाला. दगडांची आखणी बरोबर खळ्यावरून गेली. नम्रतानं हरकत घेतली. सुनावणीला मी वही घेऊन मागच्या खुर्चीवर होतो. अधिकाऱ्यानं तिचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकलं, मग फाइलमधून एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला.

“ही जागा मोकळी आहे, असं इथे लिहिलंय. सही तुमचीच ना?”

“हो,” ती म्हणाली.

मला त्या अधिकाऱ्याचा राग आला, तलाठ्याचा आला, आणि खरं सांगायचं तर तिचाही आला. एवढं शिकून सही केलीच कशाला? बाहेर आल्यावर मी तसं बोललोही. ती रडेल किंवा माझ्यावर उखडेल असं वाटलं होतं. तिनं स्टँडसमोरच्या गाडीवर वडापाव घेतला, सगळा खाल्ला, हात धुतले आणि पाचची गाडी पकडली. मला माझीच लाज वाटली.

बंधारा झाला. घरं वाचली, हेही लिहायला हवं. खळ्याच्या जागी काळे दगड आहेत. पस्तीस जणींपैकी काही मुंबईला लेकांकडे गेल्या, काही घरी बसल्या.

नम्रता अजून त्याच कामात आहे. आता ती गावोगाव सांगत फिरते, की साहेब येईपर्यंत काही उचलू नका, फोटो काढा. दोन गावांत त्यामुळे बायकांची नावं कागदावर आलीसुद्धा. मी अभिनंदन केलं तर म्हणाली, “हो, आली.” आनंद झाला का, असं विचारलं. “माहीत नाही,” ती म्हणाली. खोटं बोलण्याइतकाही उत्साह तिच्यात उरलेला नाही.

हे लिहायचं म्हणून गेल्या महिन्यात मी तिच्या घरी गेलो. संध्याकाळी जनी कामावरून आली. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती आता मासळी गोठवणाऱ्या एका कंपनीच्या बसनं कोळंबी सोलायला जाते. दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून तिची बोटं पांढरीफटक पडतात. चहाचा कप तिला दोन्ही तळव्यांनी धरावा लागत होता. पण त्या दिवशी बाई खुशीत होती. कप खाली ठेवून तिनं पोलक्यातून एक प्लॅस्टिकचं ओळखपत्र काढलं आणि लेकीच्या हातात दिलं. वर तिचा फोटो, खाली नाव, त्याखाली ‘मासळी कामगार’.

“बघ गो,” जनी म्हणाली, “तू येवडी वर्सं धावलीस. कंपनीनं आठ दिवसांत छापलंन.”

ती टोचून बोलत नव्हती. तिला खरंच लेकीला आनंदाची बातमी द्यायची होती. नम्रतानं कार्ड उजेडाकडे धरून एकेक अक्षर वाचलं.

“फोटो छान आलाय, आये,” ती म्हणाली.