नागसेनचा रिजेक्ट माल

दिघीच्या नागसेनच्या कष्टाला कोणी नावं ठेवू नयेत. चाकणच्या कंपनीत त्याची सगळी नोकरी क्वालिटीत गेली. खराब पार्ट नजरेतून सुटायचा नाही. घोडं पेंड खातं ते तिथंच.

कंपनी बंद पडली. पंचेचाळिशीच्या माणसाला कोण घेतंय राव? मग मोशीजवळची पाणी साचलेली जुनी खाण भाड्यानं घेऊन त्यानं गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, सोडलं. बायको, भाग्यश्री, होस्टेलच्या फरश्या पुसून घर चालवत होती. कंबर पार गेलेली. "माल निघाला की तुझं काम बंद," असं त्यानं तिला कबूल केलं होतं.

काही महिन्यांनी जाळं ओढलं, तर थोडे झिंगे लांबलचक निळ्या नांग्यांचे, बाकी सगळे बारके, काडीसारख्या नांग्यांचे. नागसेन हबकला. नदीतली भुरटी जात घुसून खाद्य फस्त करतेय, असं त्यानं ठरवूनच टाकलं. मग काय, हाडात मुरलेली सवय! निळे परत पाण्यात, बारके रिजेक्ट. रोज घमेली भरभरून काठावर ओतायचा. बगळ्यांची चंगळ झाली.

पण निळे काही वाढेनात. शेवटी त्यानं बी देणाऱ्या गणराजला फोनवर झापलं, "भेसळ दिलीस तू."

"नांग्या बघून जात ओळखतात होय?" गणराज म्हणाला. "वयात आला की झिंग्याच्या दुसऱ्या जोडीचे पाय, म्हणजे त्याच नांग्या, लांबतात, निळ्या पडतात. जात बघायची तर डोक्यावरचं शिंग बघ. आपल्याचं लांब, टोकाला वर वळलेलं, वर-खाली दाते. नदीतल्या बारक्याचं आखूड असतं."

नागसेननं घमेल्यातला बारका उचलला. शिंग लांब. टोक वर वळलेलं. दाते वर नि खाली. सख्खा भाऊच तो निळ्याचा.

"निळ्यांची वाढ संपलेली असते," गणराज सांगतच होता, "ते काढून विकायचे. त्यांच्या धाकानं खुरटलेले बारके मग वाढतात. बारके आहेत ना शाबूत?"

नागसेननं फोन ठेवला. वेड्यासारखं जाळं ओढत राहिला. बारके हाती मूठभरसुद्धा लागेनात. दैव देतं नि कर्म नेतं म्हणतात, ते काय उगीच? काठावर बसून तो ढसाढसा रडला.

दुपारी भाग्यश्री डबा घेऊन आली, हसतच. "अहो, माल निघतोय ना आता, आज सांगून आले होस्टेलवर. उद्यापासून येत नाही म्हटलं."

त्यानं काहीच लपवलं नाही. ती शिव्या देती तर बरं झालं असतं. तिनं डबा त्याच्यापुढं ठेवला आणि कंबरेला हात देत उठली.

"तुम्ही जेवून घ्या. मी होस्टेलवर जाऊन येते. जागा भरली नसेल अजून."