पडीत म्हणजे मेलेली नव्हे

काचेच्या पेटीखाली पाटी होती, 'मृत माती, यवतमाळ जिल्हा'. ती माती माझ्या वावरातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि खरं सांगते, आजही ती पुरती उतरलेली नाही.

आमचं वावर आर्णीच्या बाजूला, गावाबाहेरच्या टेकाडावर. बाकीचं सगळं रान काळं, हा एकच तुकडा मुरमाड, तांबूस. मी इथंच राहून शेती पाहते, धाकटा भाऊ नागपुरात नोकरीला. त्या तुकड्यात कपाशी गुडघ्याच्या वर जाईना, तेव्हा मी तो पडीत ठेवला. म्हणजे न पेरता राखला. धनगराला बोलावून खतासाठी मेंढ्या बसवल्या आणि पावसात जे उगवलं ते उगवू दिलं. बाळंतिणीला सव्वा महिना कोणी कामाला जुंपत नाही, तसंच हे. भावाला ते पटत नव्हतं. "बाई, वावर मेलं आता. लेआउटवाला प्लॉट पाडाले मागून राह्यला, देऊन टाकू," हे दर फोनला ठरलेलं. सातबाऱ्यावर नावं दोघांची, त्यामुळे मी एकटीनं नाही म्हणून भागणार नव्हतं. दोन सालं मी त्याला कसंबसं थोपवून धरलं होतं.

अशात उन्हाळ्यात एक मुलगी आली. पुण्याची. जिवंत गोष्टी घेऊन कला करते म्हणाली. शेवाळ, बुरशी, रोपं हेच तिचे रंग. उद्या माणूस मंगळावर राहायला गेला तर तिथल्या मातीत पहिला जीव कसा धरेल, ते तिला काचेच्या पेटीत दाखवायचं होतं. त्यासाठी तांबडी माती हवी होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपली माती कोणाला तरी मागावीशी वाटली. मी स्वतः टोपलंभर खणून दिली, वर तिला ताक पाजलं. जाताना तिनं वही काढली आणि विचारलं, "काकू, कशी जमीन आहे ही?"

"पडीत आहे," मी म्हटलं. तिनं लिहून घेतलं. तिथंच घात झाला.

श्रावणात नागपूरला प्रदर्शन भरलं. तिनं आठवणीनं बोलावलं. भाऊ मला बसस्टँडवर घ्यायला आला आणि आम्ही दोघं गेलो. पाटी आधी त्यानं वाचली.

"पाह्य बाई," तो म्हणाला, "मी म्हनतो तं तुले राग येते. आता शिकलेल्या लोकायनंच लिहून ठेवलं."

मी त्या मुलीला हाक मारली. "पोरी, माती मेली म्हणून कोनं सांगतलं तुले?"

"तुम्हीच ना काकू. पडीत म्हणालात."

"पडीत म्हणजे आराम करून राह्यली. तू दुपारी झोपली तं घरचे तुले मेली म्हनतात काय?"

आजूबाजूचे हसले, ती नाही हसली. पाटी बदलता येणार नाही म्हणाली. मेलेल्या मातीवर शेवाळ हिरवं होतं, हीच तर तिची सगळी कल्पना. प्रदर्शनाच्या छापील पुस्तकातही तेच गेलं होतं. माझ्या एका शब्दाचा हिनं मुडदा पाडला आणि वर मलाच कल्पना समजावून सांगत होती.

मी पेटीवर वाकले. लाल दिव्याखाली शेवाळाचे चार ठिपके होते, आणि बाकी मातीत जागोजाग बारीक खड्डे. हे कशाचे म्हणून विचारलं.

"तण येतं हो सारखं," ती म्हणाली. "रोज सकाळी चिमट्यानं काढावं लागतं. नाहीतर मंगळासारखं दिसत नाही."

टेबलाखाली कचऱ्याचा डबा होता. मी तो ओढला. आत नुसता केना. पावसाळाभर आम्ही कंबर मोडून निंदतो तो. कांडी बांधावर फेकली तरी तिथं मूळ धरणारा. माझ्या मातीनं त्या बंद पेटीतही तो वर काढला होता, आणि ही मुलगी तो रोज उपटून माती मेल्याचं दाखवत होती.

मग मात्र मी आवाज खाली ठेवला नाही. "जीव पाहाले मंगळावर जाता, अन् समोर उगवला तं चिमट्यानं उपटता? काखेत कळसा अन् गावाले वळसा," असं साऱ्या हॉलला ऐकू जाईल इतक्यानं म्हटलं. भावानं माझा दंड धरला. त्याला लाज वाटत होती, मला वाटत नव्हती. मी डब्यातला मूठभर केना काढून त्याच्या हातात कोंबला.

"तुह्या मेलेल्या वावरातला आहे. वळखतं काय?"

लहानपणी आम्ही दोघं एकाच ओळीला निंदायला बसायचो. त्यानं एक कांडी बोटात फिरवली, सांध्याला फुटलेली पांढरी मुळं पाहिली.

पाटी काही बदलली नाही. पेटी पुढं दुसऱ्या शहरात गेली म्हणे, तीच पाटी घेऊन. रोज सकाळी चिमटाही चालत असेल.

भाऊ मला बसस्टँडवर सोडायला आला. मी गाडीत बसल्यावर तो खिडकीशी आला. केना अजून त्याच्या मुठीतच होता.

"लेआउटवाल्याले नाही म्हनून सांगतो," तो म्हणाला.

"अन् वावर?"

"राहू दे अजून एक साल पडीत."

'मेलेलं' नाही म्हणाला. 'पडीत' म्हणाला.