खालची बाजू

भावनाचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. ती फार थोडं बोलली. "शालू, आईच्या पाठीले जखम झाली. संध्याकाळी घरी येजो." बोलून झालं तरी तिनं फोन ठेवला नाही. मला पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता.

भावना भित्री आहे, हे सेलूत आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. गॅसचं बटण ती बंद केल्यावर पुन्हा येऊन बघते. आम्ही दोघी वर्ध्याला कॉलेजला एकाच बसनं जायचो. मी मराठी साहित्य घेतलं होतं, तिनं विज्ञान. मी पुस्तक उघडायचे, ती समोरचा रस्ता बघत बसायची. समोरून ट्रक आला की तिचा पाय आपोआप दाबला जायचा. तिचे बाबा हरिदासकाका तिला चिडवायचे, की एसटीवाल्यांनी हिला अर्धा पगार द्यायला पाहिजे, ब्रेक तर हीच मारते.

पण रक्ताला ती भीत नाही. आता ती वर्ध्याच्या एका लॅबमध्ये काम करते. सुई टोचताना तिचा हात हलत नाही. म्हणून फोनवरचा तो श्वास ऐकून मी घाबरले.

तिची आई, कमलाकाकू, गेल्या थंडीत अंगणात पडल्या. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात तेवढा राहिला. साखर आधीपासून होती. तेव्हापासून भावना सकाळी आईचं अंग पुसून लॅबला जाते आणि दिवसभर काका घरी असतात. काका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मशीन सांभाळावी तसे ते काकूंना सांभाळतात. कूस बदलायला शेजारच्या अन्नपूर्णाबाई हात लावतात.

पूर्वी त्यांच्याकडे कापसाची गादी होती. काकांनी स्वतः कापूस निवडून पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली. उन्हाळ्यात ती गच्चीवर पडायची. एक बाजू दबली की काका ती पलटायचे. माझ्या घरीही तेच, सगळ्यांच्याच घरी तेच. गादी पलटायची असते, हे कोणी कोणाला शिकवत नाही.

व्यायाम करवून घ्यायला येणारा मुलगा म्हणाला, कापसाच्या गाठी होतात, त्या आजारी माणसाला टोचतात, फोमची घ्या. भावनानं बुद्धपौर्णिमेच्या आधी ऑनलाइन मागवली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून आली होती. प्लास्टिक कापल्याबरोबर ती सुस्कारा टाकून फुगायला लागली. काका मागे सरकले. "हे तं जित्ती हाय," ते म्हणाले. काकूंना खुर्चीत बसवून भावनानं ती पलंगावर घातली. तिच्यावर काकूंची जुनी वाकळ, वाकळीवर रबराचं कापड, त्यावर चादर.

काही आठवड्यांनी काकू डाव्या हातानं गादी थापटायला लागल्या. आम्ही गेलो की थापटायच्या. काका जेवण घेऊन आले की थापटायच्या. काकांना फार आनंद व्हायचा. ते म्हणायचे, पाहा, आवडली तिला, तुम्हालाही बसा म्हणते. मग मी पलंगाच्या कडेला बसायचे. काकू माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा थापटायच्या.

त्या संध्याकाळी भावनानं काकूंना कुशीवर वळवलं आणि मला बघायला लावलं. कमरेच्या खाली, माकडहाडावर, सुपारीएवढी जखम. कडा काळपट. मी पाहिलं आणि मला भिंतीला हात लावावा लागला.

लॅबमधल्या डॉक्टरांना तिनं मोबाइलवर फोटो दाखवला होता. ते म्हणाले होते, आत्ता फक्त कातडी गेली आहे, पण ही जखम आत आत जाते. हाडापर्यंत गेली तर साखरेच्या पेशंटला वाचवणं अवघड. कूस बदलता का, आणि ती झोपते कशावर, असं त्यांनी विचारलं होतं. गादीला खड्डा पडला असेल तर तिथं सगळा भार येतो, आधी ते बघा.

काकांनी सुतळी आणली. काकूंना खुर्चीत बसवलं. वाकळीसकट सगळं खाली दाबून आम्ही पलंगाच्या या काठापासून त्या काठापर्यंत सुतळी ताणून धरली. सुतळीखाली कुठंच फट नव्हती. काकूंची कंबर येते तिथं काका बोट घालू लागले, बोट गेलं नाही.

"पाह्य," काका म्हणाले, "इतके दिवस झाले, पण दबली नाई. टिकाऊ माल हाय."

मला बरं वाटलं. भावनाचा चेहरा मात्र उतरला. गादी चांगली असेल तर मग चूक माणसांची होती. तिनं अन्नपूर्णाबाईंना बोलावून विचारलं, दुपारी कूस खरंच बदलता ना. बाईंनी पदर सावरला. "काऊन बाप्पा, मी का झोपा काढतो इथं? तुह्या बापाले विचार." त्या उठून गेल्या. मुलगी आता आपल्यालाही विचारणार, हे काकांना कळलं होतं. तिनं विचारलं नाही. पण ती बापाकडे ज्या नजरेनं बघत होती ती मला नको वाटली.

दुसऱ्या दिवशी ती मला वर्ध्याला गादीच्या दुकानात घेऊन गेली. घरची गादी बरी असली तरी दुसरी घ्यायची, निदान काहीतरी करायचं, असं तिचं चाललं होतं. दुकानदार हिरालालजी. त्यांनी आम्हाला दोन्ही प्रकार दाखवले. एका बाजूची गादी वर मऊ, खाली कडक, तिची फक्त उशाची बाजू पायथ्याशी फिरवायची. दोन्ही बाजूंची पलटता येते, भार दोन्हीकडे वाटला जातो, म्हणून टिकते जास्त. पण जड असते, पलटायला दोन माणसं लागतात. टिकेल की नाही ते उंचीवरून ठरवू नका म्हणाले, उचलून वजन पाहा. गुडघा दाबून काढा आणि फोम किती लवकर वर येतो ते पाहा. खोळीची चेन उघडू देत नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

भावना ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तिनं मध्येच सांगितलं, आमची एका बाजूची आहे, पावसाळा अर्धा झाला, अजून जराही दबली नाही.

हिरालालजी थांबले. "जरा भी नाही?"

"सुतळी धरून पाह्यली."

"पेशंट दिवसभर त्याच्यावर आहे ना?"

"हो."

"ताई, मऊ गादी थोडी तरी बसते. आदमीच्या वजनानं बसते. नाहीच बसली तर..." ते थोडे हसले. "अपने इधर लोग पलटवतात ना. आदत."

त्यांनी फोमचा कापलेला नमुना काढला, तळहाताएवढा, तीन थरांचा. वरची बाजू तिच्या हातात दिली, मग उलटा करून खालची. भावनानं खालच्या बाजूवर बोटांची पेरं टेकवली. आईची कूस बदलताना ती रोज कमरेखाली हात घालते. ती पेरं तिथंच थांबली. तिच्या ओठांचा रंग गेला.

परतीच्या बसमध्ये समोरून ट्रक आले. तिचा पाय हलला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

घरी काका काकूंना पेज भरवत होते. भावनानं पेज संपू दिली. मग काकूंना खुर्चीत बसवायला सांगितलं आणि चादर, रबर, वाकळ एकाच हातानं ओढून काढली. खाली करड्या कापडावर रबराचे बारीक बारीक ठिपके होते. गादी पलंगावरून घसरू नये म्हणून तळाला असतात ते. ते छताकडे बघत होते.

मी खुर्चीजवळ सरकले.

"बाबा, हे तुमी पलटवली का?" भावनानं विचारलं. आवाज तिनं खाली ठेवला होता.

"हाव. उन्हाळ्यात. वरती जरासा खड्डा दिसला मले. अन्नपूर्णाबाईले घेतलं अन् पलटवली. ही बाजू दबतच नाई, म्हून मंग राहू दिली." ते खुश होते. "काऊन, का झालं?"

भावनानं तोंड उघडलं. मी काकूंकडे पाहिलं. खुर्चीच्या हातावर त्यांचा डावा हात हळूहळू थापटत होता. त्या बसा म्हणत नव्हत्या. कधीच म्हणत नव्हत्या.

"काही नाई," भावना म्हणाली. "आता दुसरी बाजू लावू. एक हात लावा."

त्या रात्रीसाठी गादी सुलटी झाली. घराबाहेर येऊन ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. तिला दोन भीती होत्या, एक जखमेची आणि एक बापाची. सांगितलं तर हा माणूस बसल्या जागी संपेल. नाही सांगितलं तर पुन्हा खड्डा दिसताच पलटेल, प्रेमानं पलटेल. तिच्यापुढे आता टिकाऊपणाचा प्रश्न उरला नव्हता. पलटली तरी आई सुरक्षित राहील अशी गादी हवी होती.

तिनं दोन्ही बाजूंची घेतली. ती टेम्पोनं आली. काकांना तिनं एवढंच सांगितलं, की डॉक्टर म्हणाले ही जास्त टिकते, आणि ही महिन्याला पलटायचीच आहे. अन्नपूर्णाबाईंची तिनं माफी मागितली. बाई म्हणाल्या, तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं, माझं होतं म्हणून मी रुसले.

काकांनी नव्या गादीवरून हात फिरवला. मग ती उभी करून मागच्या बाजूवरून फिरवला. कोपऱ्यात जुनी गादी भिंतीला टेकून उभी होती, ठिपके आमच्याकडे करून. काका तिच्याकडे गेले. तळावर अंगठा दाबला. बराच वेळ दाबून ठेवला. आयुष्यभर त्यांनी कापसाच्या गाठी अंगठ्यानं ओळखल्या होत्या.

"हे दोन्हीकून सारखीच हाय ना?" त्यांनी नवीकडे बघत विचारलं.

"हो बाबा."

थोड्या वेळानं त्यांनी तेच पुन्हा विचारलं.

जखम अजून भरलेली नाही. कडा गुलाबी झाल्या आहेत, पण मधलं सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणतात. पट्टी बदलायच्या दिवशी भावना मला बोलावते. आधी तू बघ म्हणते, मग मी बघते. रक्ताला न भिणारी मुलगी पाठ करून उभी राहते. मी बघते आणि "तशीच आहे" म्हणते.

पलटायचा दिवस आला तेव्हा मी तिथं होते. काका बाहेर ओट्यावर बसले होते. भावनानं हाक मारली. ते म्हणाले, अन्नपूर्णाबाईला बोलाव. बाई घरी नाहीत, भावना म्हणाली. मग पोरीला घे म्हणाले, म्हणजे मला. मी पुढे झाले तर भावनानं मला डोळ्यांनी थांबवलं.

"बाबा, तुमच्याबिगर जमत नाई मले."

ते आत आले. त्यांनी पायथ्याचं टोक धरलं. गादी हवेत आडवी झाली तेव्हा ते क्षणभर थांबले, कुठली बाजू वर येते आहे ते बघत. दोन्ही बाजू सारख्याच होत्या. तरी ते बघत होते.

आम्ही काकूंना परत निजवलं. चादर सारखी केली. आणि काकूंनी डावा हात उचलून गादी थापटली.

काकांचा चेहरा मला बघवला नाही.

भावनानं आईच्या कमरेखाली हात सरकवला. मनगटापर्यंत गेला. ती थांबली, मग बापाकडे वळली. "नरम हाय, बाबा. तुमी पाहा."

काका पुढे झाले. त्यांनी तिच्या हाताशेजारी आपला हात घातला. काकू अजून थापटत होत्या. त्यांचं काय म्हणणं होतं ते आम्हाला कळत नव्हतं. भावनानं हात काढून घेतला. काकांनी काढला नाही. ते तसेच वाकून उभे राहिले, हात काकूंच्या कमरेखाली ठेवून.