पाना न लागलेलं इंजिन

आमच्या गॅरेजात पत्र्याचा एक जुना डबा आहे. काम संपलं की एखादा नट, एखादा वायसर शिल्लक उरतो, तो त्यात पडतो. 'माझ्याकडे कधी काही उरत नाही' म्हणणारा मिस्त्री खुशाल खोटारडा समजावा. किश्श्यांचंही तसंच. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, किस्सा आमच्याकडे राहतो. मोशीच्या पुढे, हायवेला लागून, बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, त्यामुळे डबा भरलेलाच आहे. पण यंदा एका इंजिनाने एकट्याने तो इतका भरला की झाकण लागेना. म्हणून सांगायला बसलोय. आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे!

चिडायचं कारण साधं आहे. इंजिन थकलं की मालक येऊन विचारतो, "मिस्त्री, हेच बनवू का नवीन टाकू?" मी म्हणतो, उघडू, मोजू, मग सांगतो. इथेच गाडी अडते. कारण ट्रकवाल्यांत एक खूळ आहे. ज्या इंजिनाला कधी पाना लागला नाही ते सोवळ्यातलं. एकदा खोललं की बाटलं. म्हणजे मी उघडायचं नाही, मोजायचं नाही, आणि निदान मात्र बिनचूक सांगायचं. अहो, मी मिस्त्री आहे की ज्योतिषी?

*

कैलास देहूच्या बाजूचा. त्याचा एकच ट्रक, दहाचाकी, चौदा वर्षांचा, आणि तो स्वतःच चालवतो. चाकणच्या एका कंपनीतून पत्र्याचे पार्ट भरायचे आणि रांजणगावला उतरवायचे, यावर सगळं घर. ट्रक घेतला त्याच्या वडिलांनी, आबांनी. आबांना जाऊन दोन वर्षं झाली. हयातभर हा माणूस लग्नात, बारशात, अगदी कुणाच्या दहाव्याला गेला तरी एक वाक्य ऐकवल्याशिवाय घरी यायचा नाही: "माज्या गाडीच्या इंजिनाला अजून पाना न्हाई लागला!"

आता तेच इंजिन डिझेलबरोबर ऑइलही प्यायला लागलं होतं. मागून निळा धूर, खालून गळती. कंपनीच्या गेटवर नवीन सेफ्टीवाले साहेब आले होते. त्यांनी फर्मान काढलं की ऑइलचा एक थेंब जमिनीवर पडता कामा नये. मग काय, ट्रक गेटातून आत शिरला की दोन हमाल हातात ट्रे घेऊन, कमरेत वाकून, इंजिनाखाली चालायचे. गेटपासून माल भरायच्या डॉकपर्यंत अशी ती वरात. त्यातही हमालांना हेल्मेट सक्तीचं.

तिसऱ्या दिवशी वॉचमनने कैलासला तीन गेटपास दिले. एक ट्रकचा आणि दोन ट्रेचे.

कैलास मला हे हसत हसत सांगत होता, पण त्याच्या खिशात कंपनीचा कागद होता. पंधरा दिवसांत इंजिनाचा निकाल लावा, नाहीतर तुमची गाडी बंद. लाइनीत दुसरी गाडी उभीच होती.

*

मी म्हणालो, उघडतो. कैलास म्हणाला, "दत्ताभाऊ, आबांची शान हाय ती. आमी कसं खोलायचं?"

शान! म्हणजे शान धूर सोडत गेली तरी चालेल, पण खोलायची नाही. मी म्हणालो, बरं, मग नवीन इंजिन टाकलंस तर शान कुठे जाईल? तो म्हणाला, जुनं इंजिन तसंच, न खोलता, घरी ओट्यावर ठेवू. मी पाना खाली ठेवला आणि चहा मागवला. दुसरं काय करणार?

त्यातून समोरचे तात्या मिस्त्री. रस्त्यापलीकडे त्यांचं गॅरेज. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, डावखुरे, आणि भलतेच हट्टी. पिस्टनला क्रँकशी जोडणारा तो कनेक्टिंग रॉड; त्याच्या खालच्या लोखंडी टोप्या उलटसुलट बसू नयेत म्हणून आम्ही सगळे त्यांच्यावर पंचाने ठिपके मारतो. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे. तात्या ठिपके मारत नाहीत. छिन्नीने रेघा ओढतात, आणि डाव्या हातामुळे त्या सगळ्या उलटीकडे कललेल्या. मी एकदा धाडस करून म्हणालो, "तात्या, छिन्नीने रॉड कमजोर होतो हो." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुजे ठिपके घासून जात्यात. माजी रेघ माज्यामागं बी ऱ्हाईल."

तर हे तात्या रोज रस्ता ओलांडून यायचे, माझाच चहा प्यायचे आणि कैलासला सांगायचे, "खोलू नको बाबा. बापाच्या शब्दाला बट्टा लागंल. नवीनच टाक."

चाळीस वर्षं इंजिनं खोलून पोट भरलेला माणूस म्हणतो, खोलू नको! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चौथ्या दिवशी चार गिऱ्हाइकांदेखत मी विचारलंच, "तात्या, शोरूमवाले काय देतात तुम्हाला?"

तात्या उठले. कप अर्धा भरलेला होता, तो तसाच ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत. मी मनात म्हटलं, लागलं ना बरोब्बर जाऊन?

*

कैलासचा मेहुणा वाकडला राहतो, आयटीत आहे. तो म्हणाला, मिस्त्री लोक अंदाजाने बोलतात, आपण डेटावर जाऊ. मोबाइलमध्ये एक ॲप आहे, इंजिनाचा आवाज ऐकवला की आजार सांगतं.

माझ्या बावीस वर्षांच्या कानांवर विश्वास नाही, आणि मोबाइलच्या कानावर आहे! कैलास बिचारा माल उतरवून, वाट वाकडी करून, ट्रक घेऊन वाकडला गेला. सोसायटीवाले ट्रक आत घेईनात, म्हणून भिंतीबाहेर उभा केला. मेहुण्याने बॉनेटपाशी मोबाइल धरून पाच मिनिटं रेकॉर्डिंग केलं. रिपोर्ट लगेच आला, रंगीत. तो घेऊन दोघंही माझ्याकडे हजर. इंजिन उत्तम आहे, म्हणे, आवाज एकसारखा आहे, फक्त सर्व्हिसिंग करा.

मी रेकॉर्डिंग ऐकलं. मग मेहुण्याला विचारलं, "तेव्हा सोसायटीत लाइट होती का हो?"

"नव्हती," तो म्हणाला. "जनरेटर चालू होता."

तो भला माणूस. रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावला की आपला जनरेटर सर्व्हिसिंगला आलाय.

*

मग कैलास शोरूमला गेला. संध्याकाळी परत आला तो डोक्यावर नवी कोरी टोपी घालून. टोपीवर इंजिनाचं चित्र.

"मिळालं?" मी विचारलं.

"चार आठवडे वेटिंग हाय."

"आणि टोपी?"

"टोपी लगेच देत्यात."

मला हसू यायला हवं होतं, पण आला तो संताप. पंधरातले नऊ दिवस गेले होते. हा माणूस पहाटे चारला उठून ट्रक चालवतो, कधी कुणाचं नुकसान केलं नाही, आणि आता बापाच्या एका वाक्यापायी त्याचं घर बसायला आलं होतं. मी जरा मोठ्यानेच बोललो. म्हणालो, आबा असते तर त्यांनी आधी ट्रक वाचवला असता, मग शान! कैलासने टोपी काढली आणि टायरवर बसून राहिला. मी बोललो ते मलाही नंतर बरं वाटलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी एक रिक्षा येऊन थांबली. त्यातून कैलासची आई उतरली, गोदाक्का. पांढरं पातळ, हातात पिशवी, पिशवीत ट्रकचं आरसी बुक. कुणाला काही विचारलं नाही, सरळ ट्रकपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बुकावर नाव कुनाचं हाय?" त्यांनी कैलासला विचारलं.

"तुजं," तो म्हणाला. आबांच्या मागे गाडी त्यांच्या नावावर झाली होती.

"मंग मिस्त्रीला म्हनावं, उघड."

"आई, आबा..."

"मानूस दवाखान्यात नेलं तर पोट फाडत्यात. ह्ये लोखंड हाय."

बावीस वर्षांत माझी बाजू घेणारं पहिलं माणूस! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पडलोही. त्या मात्र माझ्याकडे बघतच नव्हत्या, रस्त्यापलीकडे बघत होत्या. तात्यांचं शटर भर सकाळी अर्धं खाली ओढलेलं होतं.

"त्यो आत बसलाय जनू," गोदाक्का म्हणाल्या, आणि रिक्षात बसून निघून गेल्या.

*

ऑइल काढलं, खालचं चेंबर उतरवलं. कैलास पाठमोरा उभा होता, त्याला बघवत नव्हतं. मी खाली झोपून कनेक्टिंग रॉडची पहिली टोपी सोडवली, कापडाने पुसली, उजेडात धरली.

टोपीवर एक रेघ होती. छिन्नीची. उलटीकडे कललेली.

दुसरी टोपी काढली. दोन रेघा, तशाच. तिसरीवर तीन. बेरिंग उलटं करून बघितलं, पाठीवर कमी मापाचा आकडा छापलेला. म्हणजे झिजलेला क्रँक एकदा घासून बारीक केलेला होता. हे इंजिन पूर्वी खोललेलं होतं, पार तळापर्यंत, आणि परत जोडून बरीच वर्षं धावलं होतं.

मी कैलासला खाली बोलावलं आणि बोट ठेवून दाखवलं. त्याला आकड्याचं काही कळलं नाही, पण मी "खोललेलं आहे" म्हटल्यावर तो तिथेच जमिनीवर बसला. बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाला, "आठ वर्सांमागं आबा गाडी घिऊन तुळजापूरला गेल्ते. दर्शनाला. भर सीझनमदी आठ दिस." आणि थोड्या वेळाने, "दर्शनाला आठ दिस लागत्यात व्हय, दत्ताभाऊ?"

समोर तात्यांकडे रोज चार ट्रक उभे असतात, आठ वर्षांपूर्वीचा एक मला कसा आठवावा! मी मायक्रोमीटर घेतला आणि मोजायला लागलो. ब्लॉक शाबूत होता. क्रँक अजून एकदा घासता येणार होता. लायनर आणि पिस्टन नवे टाकले की झालं. "पाच दिवसांत देतो," मी म्हणालो. "हेच बनवू." कैलासने नुसती मान हलवली.

ट्रकखालून बाहेर आलो तर समोर तात्या उभे. रस्ता ओलांडून कधी आले कळलंच नाही. पुसलेल्या टोप्या मी फळीवर ओळीने मांडल्या होत्या. त्यांनी पहिली उचलली, डाव्या हाताचा अंगठा रेघेवरून फिरवला, परत होती तिथे ठेवली.

चार गिऱ्हाइकांदेखत मी काय बोललो होतो ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. लाज वाटत होती. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं. "तात्या, मी त्या दिवशी..."

"माजं काम आठ वर्सं चाललं," तात्या म्हणाले. "तुजं किती चालतंय बगू. आन चहा सांग."