फक्त शेपटी

माझे सासरे कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर वेगळे आणि कवळ्या करणारे वेगळे, हे मला या घरात सून म्हणून येईपर्यंत माहीतच नव्हतं. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते डबीत घालून पाठवतात, आणि कुठल्याशा मागच्या खोलीत बसलेला माणूस त्यावरून दात, हिरड्या, टाळू सगळं घडवतो. पेशंटला तो कधी दिसत नाही. बाबा एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत चाळीस वर्षं असे न दिसता बसले. एक खिडकी, एक ओटा, मेण वितळवायची छोटी शेगडी, पॉलिशचं फिरतं चाक आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, दार उघडताना म्हणायच्या, "या, सकाळी गेलात तेव्हा तरुण होतात."

बाबांना मोडकं काही बघवायचं नाही. डायनासोरांचा नादही तिथूनच लागला. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मुलांसाठी खेळण्यांची एक टोपली होती, तीत एक तीन पायांचा प्लास्टिकचा डायनासोर होता. बाबांनी कवळीच्या उरल्यासुरल्या मसाल्यातून त्याला चौथा पाय करून दिला. मसाला हिरड्यांचा, त्यामुळे पाय झाला गुलाबी. डॉक्टर हसले, मुलं मात्र त्याच्यासाठीच भांडायला लागली. तेव्हापासून बाबा रविवारच्या जुन्या बाजारात जाऊन असले प्राणी शोधायला लागले. चावी दिल्यावर डुलत चालणारे पत्र्याचे, पोटावर जोडाची रेघ असलेले पोकळ प्लास्टिकचे, जुने होऊन चिकट झालेले रबराचे. शिवाय बिस्किटांच्या पुड्यातून निघायची ती चित्रं, आणि एका संग्रहालयाची फाटकी तिकिटं, त्यांवर डायनासोर छापलेला होता एवढ्याचसाठी. माझा नवरा म्हणायचा, "आमच्या घरात माणसं पाच आणि सरडे तीनशे."

मलाही त्यांनी थोडं शिकवलं होतं. शेपटी जमिनीला टेकलेली असेल तर खेळणं जुनं. पूर्वी शास्त्रज्ञांनाच वाटायचं की हे प्राणी शेपटी ओढत चालायचे. पुढे समजूत बदलली आणि खेळण्यांच्या शेपट्या वर उचलल्या गेल्या. "म्हणजे चूक असेल तोच खरा," बाबा खुशीत सांगायचे.

त्या बाजारातच त्यांना लायब्ररीवाल्या बाई भेटल्या. डायनासोर छापलेल्या एका पत्र्याच्या डब्यावर दोघांनी एकदम हात टाकला होता. बाई जन्मभर ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या. डबा कोणी घेतला ते मला आठवत नाही, पण त्यानंतर दर रविवारी बाजार झाला की त्या आमच्याकडे चहाला यायला लागल्या. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर आठवड्याची शिकार मांडायची, आणि मग दोघांचं भांडण. भांडण नेहमी एकच. बाईंकडे प्रत्येक खेळण्याचं एक कार्ड असायचं. कुठे मिळालं, काय तुटलंय, रंग कुठे उडालाय, सगळं बारीक अक्षरात.

"याचा रंग मी अर्ध्या तासात देतो," बाबा म्हणायचे.

"काही नको. उडालेला रंग त्याचा आहे, कवळीवाले. तुम्ही दिलेला तुमचा असेल."

"अहो, पण तोंड बघा त्याचं. एक दात नाही."

"मग? माझेही दोन नाहीत. मी आले का तुमच्याकडे?"

आई चहा ओतता ओतता म्हणायच्या, "याल हो, याल. सगळे शेवटी यांच्याकडेच येतात." आणि मग बाई इतक्या मोकळ्या हसायच्या की शेजारच्या खोलीतून माझा नवरा काय झालं म्हणून बघायला यायचा.

अशी पाच-सहा वर्षं गेली. बाबांना तेवढा जवळचा मित्र दुसरा नव्हता, आणि तो मित्र बाई आहे याचं आईंना कधी काही वाटलं नाही. "बाहेर बोलतात म्हणून घरात गप्प असतात, मला बरंच आहे," त्या म्हणायच्या.

एका रविवारी बाई नेहमीपेक्षा उशिरा आल्या. पिशवीत रुमालात गुंडाळलेला एक लांब मानेचा हिरवा डायनासोर होता. कपाट सरकवताना वरून पडला आणि शेपटी तुटली, म्हणाल्या. शेपटीचा तुकडाही कपाटाखाली कुठे गेला तो सापडला नव्हता. हे खेळणं आम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं.

"हा कुठून काढलात?" बाबांनी विचारलं.

"विकत नाही घेतलेला. घरचाच आहे," बाई म्हणाल्या. "फक्त शेपटी करून द्या. बाकी कशालाही हात लावू नका."

"बरं, बरं."

"फक्त शेपटी, कवळीवाले."

मी तिथेच बसले होते. त्यांनी दोनदा सांगितलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण बाबांच्या बोटांनी तोवर तो प्राणी उचलून उजेडात धरला होता आणि ती बोटं त्याच्या मानेवरून फिरत होती.

शेपटी झाली तीन दिवसांत. सुरेख झाली, जोड कुठे आहे ते सांगूनही कळलं नसतं. मग बाबांना वाटलं, शेपटी नवी आणि अंग जुनं, हे विचित्र दिसतंय. मानेवर खड्डे होते, ते त्यांनी भरले. घासून गुळगुळीत केले. पोटावर कुणीतरी खिळ्याने ओरखडून काहीबाही गिरवलं होतं, तेही घासलं. एका जुन्या चित्रावरून मूळचा हिरवा रंग जुळवायला दोन आठवडे घालवले. घरी आणून मला दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जसा माझ्या मुलीचा पहिला नंबर आल्यावर झाला होता. मीही "वा!" म्हटलं. बाईंनी काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं, तरी म्हटलं. हे लिहायला हवं.

रविवारी बाईंनी रुमाल उघडला. अंगठा मानेवरून एकदा वर नेला, एकदा खाली. मग पोट उलटं करून पाहिलं.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. "अगदी नवा वाटतोय."

"मूळचा रंग आहे बरं का! नुसता हिरवा नाही, त्यात थोडा पिवळा..."

"हो. दिसतंय."

अर्धा चहा तसाच ठेवून त्या उठल्या. पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बाजारातही दिसल्या नाहीत. बाबा म्हणाले, "बहिणीकडे गेल्या असतील." महिना झाल्यावर आईंनी चपला घातल्या आणि सरळ त्यांच्या घरी गेल्या.

परत आल्या त्या बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. पदर सावरला.

"त्यांना एक मुलगा होता," आई म्हणाल्या. "अडीच वर्षांचा असताना गेला. तापाने. चाळीस वर्षं झाली. भिंतीवर फोटो आहे, त्यात त्याच्या तोंडात तो हिरवा आहे. मान चावत बसलाय."

बाबांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"पोटावरचं त्याच्या वडिलांनी लिहिलेलं होतं. मुलाचं नाव. तेही आता नाहीत."

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"काही नाही. मला म्हणाल्या, त्यांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

मग बाबा बोलले, आणि ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं. "मला कळलं होतं," ते म्हणाले. "खड्डे दातांचे होते. दुधाचे दात. बघताक्षणीच कळलं, माझं कामच ते आहे. कुठल्यातरी पोराने चावलंय, एवढंच मनात आलं. आणि भरून टाकले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनं टाकाऊ खेळणं घेतलं, त्यावर खड्डे केले, भरले, घासले, आणि भरलेलं परत काढता येतं का ते बघत बसले. येत नव्हतं. भरण्याआधी कडा घासल्या होत्या, त्या गेल्या त्या गेल्याच.

"बाबा, नुसतं जाऊन भेटून या," मी म्हटलं.

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"आहे तेच घेऊन जा," आई म्हणाल्या. "त्यांनी तुमचं तोंड पाहिलेलं आहे."

जातो, जातो म्हणाले. या रविवारी नको, पुढच्या रविवारी. आधी काहीतरी उपाय सापडू दे. मग पाऊल उचलणं महिन्यागणिक जड होत गेलं, कारण आता चुकीबरोबर उशिराचीही लाज होती. बाजारात जायचं त्यांनी सोडलं. दवाखान्यातून येताना बाईंची गल्ली लागायची, ती टाळायला लांबून येऊ लागले. आई आणि मी अधूनमधून बाईंकडे जात होतो, पण आईंचा गुडघा दुखायला लागला, माझ्या मुलीची परीक्षा आली, आणि आमचंही जाणं सुटलं. अशी दोन वर्षं गेली.

मग एके दिवशी बाबा त्या गल्लीतून गेले. का गेले, विचारलं नाही. बाईंच्या गॅलरीत अनोळखी कपडे वाळत होते. शेजारणीने सांगितलं की बाईंची तब्येत ढासळली आणि त्या दुसऱ्या गावी बहिणीकडे गेल्या. तिने पत्ता दिला आणि वर विचारलं, "ते कवळीवाले तुम्हीच का? बाई दर रविवारी मला विचारायच्या, 'मी आंघोळीला होते तेव्हा कुणी येऊन गेलं का?'"

बाबांनी पत्र लिहिलं. चार ओळींना तीन दिवस लागले. आठवड्याने उत्तर आलं, तेच बारीक अक्षर, पण ओळी उतरत्या. मी ते वाचलं आहे. "खेळण्याचं वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगू," असं लिहिलं होतं. "पहिले काही दिवस तुमचा फार राग आला. पण राग उतरल्यावर भांडायला कुणी उरलं नाही. तुम्ही याल म्हणून मी रविवारी बिस्किटं आणून ठेवत असे. शेवटी ती मीच खाल्ली आणि डॉक्टर माझ्यावर ओरडले."

पुढच्या शनिवारी बाबा आणि मी बसने गेलो. बहिणीने दार उघडलं. बाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या, अर्ध्या झालेल्या, पायावर शाल. शेजारच्या फळीवर तो हिरवा होता. चकचकीत. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर जमिनीवर नेली.

"बसा, कवळीवाले. लांबून आलात."

"मी..." बाबा म्हणाले. तोंडपाठ करून आणलेलं सगळं बसमध्येच राहिलं होतं.

बाईंनी त्यांना तसंच राहू दिलं. मग म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही भरण्याआधी नीट पाहिलं होतं ना?"

"हो."

"किती होत्या खुणा? मला आता आठवत नाही. मी रोज बोट लावायचे, पण मोजल्या कधीच नाहीत."

"सात," बाबा लगेच म्हणाले. "वरच्या चार, खालच्या तीन. डाव्या बाजूने चावायचा तो. आणि खालचा पुढचा एक दात जरा तिरका होता. आत वळलेला."

बाईंचा हात तोंडावर गेला. "तिरकाच होता!" त्या म्हणाल्या. "हो हो, तिरका होता. सारखी जीभ लावायचा त्याला. मी विसरलेच होते हो. ताई, ऐकलंस का? त्याचा खालचा दात!"

बाबांनी खिशातून कागद काढला आणि दवाखान्यात काढायचे तशी दातांची कमान काढली. कुठला दात पूर्ण आलेला, कुठला नुकता फुटलेला, कशाची खूण खोल, कशाची उथळ. बाई एकेक पुन्हा विचारत होत्या आणि मधेच हसत होत्या, आमच्या टेबलापाशी हसायच्या तसं. तासभर तरी हे चाललं असेल. बहिणीने खुणावलं तेव्हा आम्ही उठलो.

"हे सगळं तुमच्याजवळ होतं," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही दोन वर्षं..." मग हाताने 'जाऊ दे' केलं. "महिन्याने या. बिस्किटं आणून ठेवते."

महिना व्हायच्या आत बहिणीचा फोन आला. मीच घेतला. बाबा कामावर होते म्हणून दवाखान्यात जाऊन सांगितलं. त्यांनी चाक बंद केलं, हात पुसले, आणि विचारलं, "झोपेत का?" मी हो म्हटलं. ओट्यावर कुणाचीतरी कवळी अर्धी झालेली होती. मला थांबायला सांगून त्यांनी ती पुरी केली, कारण पेशंट दुसऱ्या दिवशी यायचा होता.

घरी चालत येताना त्यांनी नेहमीचा लांबचा रस्ता घेतला नाही.

"त्यांच्यापुढे काय बोलायचं, दोन वर्षं एवढाच विचार केला मी," ते म्हणाले. "त्यांना काही विचारायचं असेल, हे डोक्यातच आलं नाही."

तोवर घर आलं होतं.